मे महिना धरून

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे मी पहिल्यांदा ऐकलं ते एसटीत, गंगाखेडच्या पुढं. २०१९ साल. पायाशी गादीची वळकटी, मांडीवर कागदपत्रांची फाईल, शेजारी अण्णा. केजहून निघून अंबाजोगाई, परळी करत आम्ही तिसरी गाडी धरली होती. पोरगी कुठं चालली असं कंडक्टरनं विचारलं तसे अण्णा ताठ बसले. म्हणाले, “शेतकीला नंबर लागलाय तिचा.” त्यावर कंडक्टरनं ती म्हण टाकली आणि स्वतःच हसला. अण्णांना हिंदी कळतं, खोच कळली नाही. उतरताना हळूच विचारलं, “काय म्हणला गं त्यो?” मी म्हटलं, “गाव चांगलंय म्हणाले.”

या म्हणीचे मला दोन अर्थ सांगितले गेलेत. बाहेरचे म्हणतात, कुठंच काही जमलं नाही तर शेवटी परभणी आहेच. इथले म्हणतात, बाकी कुठं जमो न जमो, परभणी माणसाला उपाशी मारत नाही. मला कोणता पटतो ते त्या त्या दिवसावर असतं.

चार वर्षांच्या बीएस्सी ॲग्रीतलं दीडेक वर्ष कोविडनं खाल्लं. मृदाशास्त्राची प्रात्यक्षिकं मी मोबाइलवर पाहिली, तीही आमच्याच रानात ढेकळावर बसून, कारण रेंज तिथंच यायची. मग ‘रावे’ झालं, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायचं सत्र, एका खेड्यात शेतकऱ्यांच्या बांधावर. शेवटच्या सत्रात जालन्याला एका बियाणे कंपनीत होते. २०२३ च्या जुलैत वसतिगृह सोडायला परत आले आणि ‘नो ड्यूज’च्या कागदावर सह्या गोळा करत फिरले. ग्रंथालयाचं एक पुस्तक मी कधीतरी रेल्वेत विसरले होते, त्याची भरपाई भरली. शेवटची सही झाली आणि आता या गावात मी कोण, हा प्रश्न पडला. विद्यार्थिनी नाही. नोकरदार नाही. इथली तर नाहीच.

बॅच तोवर पांगायला लागली होती. निम्मी पुण्याला, एमपीएससीच्या अभ्यासाला. काहीजण बँकेच्या कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेमागे. काहींनी खत-औषधांच्या कंपन्यांत सेल्सची नोकरी धरली, तीन तालुके आणि एक मोटारसायकल. दोघीचौघींची लग्नं ठरली. एमएस्सीची सीईटी मीही दिली होती, पण कीटकशास्त्राला परभणीत नंबर लागला नाही आणि दुसरा विषय नुसता घ्यायचा म्हणून घ्यावा असं वाटेना. घरी दादा म्हणाला, “पुण्याला जा, वर्षभर बस, पोस्ट काढ.” ‘पोस्ट काढणं’ हा शब्द आमच्याकडं विहीर काढल्यासारखा वापरतात.

गेले. पाच आठवडे राहिले. कॉटबेसिसचे साडेतीन हजार, मेसचे तीन, अभ्यासिकेचे बाराशे. अभ्यासिकेत माझ्या शेजारी आमचाच सिनियर बसायचा, तीन वर्षांपासून. माणूस हुशार; आम्हाला पहिल्या वर्षी तोच तणांची नावं पाठ करायला शिकवायचा. एकदा चहाला गेलो तेव्हा मी त्याला सहज विचारलं, यंदा सोयाबीनवर खोडमाशी कितपत आहे म्हणे? तो बघतच राहिला. “आता कुठं आठवतं गं,” म्हणाला. पुण्याला वाईट म्हणायचं नाही मला. ज्याला परीक्षाच द्यायची आहे त्याला तिथं सोबत मिळते, ती परभणीत मिळत नाही. पण माझं जे काही शिक्षण होतं ते काळ्या मातीचं, कापूस-सोयाबीन-तुरीचं, आणि त्या चौथ्या मजल्यावर ते दूध नासावं तसं नासायला लागलेलं मला दिसत होतं.

तेवढ्यात एक फोन आला. ओळखीतून ओळख काढून कुणीतरी केलेला.

“मॅडम, तुमची डिग्री कुठं लावलीय का?”

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. कीटकनाशकं विकायच्या परवान्याला कृषीची किंवा तशीच पदवी असलेला माणूस दाखवावा लागतो. जुन्या दुकानदारांनी त्यासाठी वर्षभराचा ‘देसी’ डिप्लोमा केला, पण नव्यानं दुकान टाकणाऱ्याला पदवीवाला बरा पडतो. तर तुमची डिग्री आम्हाला द्या, वर्षाला पंधरा हजार देतो, यायची गरज नाही. मी अभ्यासिकेत विचारलं तर तिघांनी हसून सांगितलं की त्यांचीही कुठं कुठं लागलेली आहे. एकाची डिग्री त्याच्याच तालुक्याच्या गावी काउंटरच्या मागं फ्रेममध्ये टांगलेली, आणि तो स्वतः इथं इतिहासाच्या नोट्स काढतोय. माणसानं कुठं राहायचं ते ठरायच्या आधी त्याची डिग्री राहायला गेली होती. दोन दिवस मला ते हसायला आलं, तिसऱ्या दिवशी यायचं थांबलं.

फोन करणाऱ्याला मी नाही म्हणाले. पण त्यातून एक सुचलं. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-बियाण्यांच्या बाजारात, एक दुकानदार काका माहितीचे होते, रावेच्या वेळी त्यांच्याकडून आम्ही बीजप्रक्रियेचं साहित्य न्यायचो. त्यांना फोन लावला. म्हटलं, काका, डिग्री लावते, पण सोबत मीही बसणार. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नऊ हजार देईन. पोळ्याच्या आधी ये.”

खोली शोधताना पहिल्यांदा कळलं की विद्यार्थ्याचं परभणी आणि बाकीच्यांचं परभणी या दोन वेगळ्या वस्त्या आहेत. काळ्या कमानीच्या आतलं कृषी विद्यापीठ म्हणजे झाडं, रुंद रस्ते, प्रयोगाचे प्लॉट. संध्याकाळी तिथं गाव फिरायला येतं. मी त्या झाडांखाली राहून ‘परभणीत राहते’ असं सांगायचे. आता वसमत रोडच्या मागच्या गल्ल्यांत फिरताना प्रत्येक घरी एकच प्रश्न: “शिकायला का सर्व्हिसला?” शिकणाऱ्या पोरींचा भाव वेगळा, सर्व्हिसवाल्यांचा वेगळा. दुकानात बसते म्हटलं की समोरची बाई गोंधळायची. एका काकूंनी तर स्पष्टच विचारलं, “शिक्षण झालं ना? मग गावाकडं नाही का जायचं?” त्यांनीच शेवटी खोली दिली, अडीच हजारांत. अकरा महिन्यांचा करार. अट एकच, रात्री नळ आला की उठायचं.

ती अट मला चेष्टा वाटली होती. वसतिगृहात तोटी फिरवली की पाणी यायचं, ते कुठून येतं याचा विचार चार वर्षांत केला नव्हता. इथं नळ आठ-दहा दिवसांनी, आणि कधी येईल त्याचा नेम नाही. पहिल्या वेळी पहाटे दोनला दार वाजलं. “उठ गं, नळ आलाय.” बाहेर अख्खी गल्ली जागी. मोटारींचा आवाज, पायऱ्यांवर पाइप, कुणी नायटीवर तर कुणी बनियनवर, सगळे एकमेकांशी अशा सहजपणे बोलतायत जणू सकाळचे दहा वाजलेत. काकूंनी माझ्या हातात पाइपचं टोक दिलं आणि टाकी भरली की ओरड म्हणाल्या. मी गच्चीवर अंधारात टाकीत डोकावून उभी. त्या रात्री मला शेजारच्या चार घरांची नावं कळली. वसतिगृहात राहून गल्लीतलं एक नाव माहीत नव्हतं. त्यानंतर मी पेपरात येलदरी धरण किती भरलं ते वाचायला लागले. आधी ते पान उलटायचे.

दुकानातलं पहिलं मोठं काम सप्टेंबरात आलं. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला होता, सगळ्या मराठवाड्यात पिकं माना टाकून उभी. सप्टेंबरात पाऊस झाला, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि दोन दिवसांनी एक शेतकरी कपाशीचं झाड मुळासकट उपटून घेऊन आला. पोत्यात गुंडाळलेलं. पानं उकडल्यासारखी लोंबत होती, बोंडं मात्र हिरवी. पिंगळीकडचा माणूस. “मर लागली. कालपर्यंत चांगलं होतं. जे भारी असंल ते द्या.” काका रॅककडं वळले. मी म्हटलं, थांबा. दोरी कापायचा चाकू घेतला आणि खोड उभं चिरलं.

आतलं लाकूड पांढरं स्वच्छ होतं. बुरशीची मर असती तर तपकिरी रेघा दिसल्या असत्या. मुळंही कुजलेली नव्हती. ही आकस्मिक मर. दिवसेंदिवस ताण पडलेल्या जमिनीत एकदम पाणी साचलं की झाड गांगरतं, रोग वगैरे काही नसतो. वर्गात याचे दोन मार्क होते. मी त्यांना सांगितलं, आधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा, वाफसा येताच झाडाचं बूड हलवून माती दाबा, आणि दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम युरिया, शंभर ग्रॅम पांढरा पोटॅश, पंचवीस ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड कालवून झाडाच्या बुडाशी ओता. आजच करा. उद्या-परवापर्यंत थांबलात तर उपयोग नाही.

बिल झालं चारशेच्या आत. काका संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. “तो तीन हजारांचा माल घेऊन गेला असता,” एवढंच शटर ओढताना म्हणाले. आठ दिवसांनी तो माणूस परत आला, सोबत गावातले दोघे. झाडं सगळी नाही वाचली, पण बरीच वाचली म्हणाला. त्या दोघांनी हरभऱ्याचं बियाणं आमच्याकडूनच नेलं. काकांनी मग चहा मागवला. त्या विषयावर आम्ही आजतागायत बोललो नाही.

तिथून मला या गावाचा खरा उपयोग कळायला लागला. दुकानात न सुटलेलं झाड मी डब्याच्या पिशवीत घालून संध्याकाळी विद्यापीठात न्यायचे. दहा मिनिटांवर मला शिकवलेले सर, त्यांच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक. पुण्यात किंवा केजला मी फोटो पाठवला असता आणि उत्तराची वाट बघितली असती. मंगळवारी आणि शुक्रवारी विद्यापीठाचा हवामान सल्ला येतो, त्याची मी प्रिंट काढून काउंटरसमोर चिकटवते. हळदवाले हिंगोली-वसमतहून कंदकुजीसाठी विद्यापीठाचं बायोमिक्स हे जैविक मिश्रण न्यायला येतात, रांगेत नंबर लागेपर्यंत मोंढ्यात चक्कर मारतात आणि काहीबाही विचारतात. विद्यापीठाच्या गावात राहायचं ते चौकातल्या चहासाठी आणि मित्रांसाठी, असं आम्ही समजत होतो. मित्र तर दिवाळीपर्यंत सगळे गेले.

ते जाणं मात्र जड गेलं, खोटं कशाला बोलू. गाव तेच आणि माणसं दरवर्षी नवी. गेटसमोरच्या टपरीवर पहिल्या वर्षाची पोरं मला आधी ‘ताई’ म्हणायची, सहा महिन्यांत ‘मॅडम’ म्हणायला लागली. बॅचच्या ग्रुपवर कुणी ना कुणी लिहायचं, “तू अजून परभणीतच?” त्या ‘अजून’चा मला भयंकर राग यायचा. पुण्यात तीन वर्षं बसलेल्याला कुणी ‘अजून’ विचारत नाही. रविवारी काय करायचं हा प्रश्न उरायचा. राजगोपालाचारी उद्यानात एकटीनं बसलं तर लोक बघतात, खोलीत बसलं तर काकू काळजी करतात. नऊ हजारांत अडीच भाडं गेल्यावर घरी पाठवायला काही उरायचं नाही, आणि घरून येणारी स्थळं “मुलगी परभणीत असते” इथपर्यंत खूश व्हायची, “दुकानात” म्हटलं की पत्रिका जुळायची नाही.

अकरा महिन्यांचा करार एप्रिलपर्यंत धरला होता, विद्यार्थ्यांच्या हिशेबानं, पहिले तीन महिने मागचे धरून. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, सगळे तसाच करतात, मेमध्ये कोण राहतं इथं? तेव्हा लक्षात आलं की चार वर्षं परभणीत काढून मी इथला मे महिना पाहिलेलाच नव्हता. शेवटचा मे जालन्यात गेला, त्याआधीचे घरी.

तर २०२४ चा मे मी पाहिला. त्रेचाळीस अंश म्हणजे काय ते अंगणातल्या प्लास्टिकच्या बादलीला हात लावला की कळतं. मेस बंद, झेरॉक्सवाल्याचं शटर अर्धं, टपरीवाला गावाकडं. दुपारी वसमत रोडवर कुत्रंही नसायचं. विद्यार्थ्यांचं परभणी अक्षरशः गुंडाळून ठेवल्यासारखं झालं. आणि मोंढा? मोंढ्यात पाय ठेवायला जागा नाही. खरिपाचं बियाणं, खतांच्या गाड्या, ई-पॉस मशीनवर अंगठे न उमटणारे म्हातारे, आणि रात्री दहापर्यंत साठा रजिस्टर. ज्या महिन्यात गाव मेल्यासारखं असेल असं मला वाटत होतं त्याच महिन्यात ते सगळ्यात जास्त जागं होतं. आम्ही फक्त त्या वेळी घरी असायचो.

विद्यापीठाचा वर्धापनदिनही मेमधलाच, १८ तारखेचा. १९७२ साली याच दिवशी ते स्थापन झालं. त्या दिवशी खरीप मेळावा असतो आणि बियाणं विकतात. १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्यात मी छातीला बिल्ला लावून स्वयंसेवक म्हणून फिरले होते, पण हा मेळावा मला ऐकूनच माहीत. अण्णांना गोदावरी तूर पाहिजे होती. रात्रीच्या गाडीनं आले, धोतराच्या सोग्यात आधार कार्ड. पहाटे पाचला आम्ही रांगेत, तरी पुढं दीड-दोनशे माणूस. कुणी टॉवेल अंथरून झोपलेलं, कुणी चपला ठेवून चहाला गेलेलं. चपलांचा नंबर सगळे मानतात.

रांगेत तिघांनी मला ओळखलं. एकानं विचारलं, मॅडम, सोयाबीनचं एमएयूएस ६१२ घेऊ का जुनंच ७१ पेरू? दुसरा पिंगळीचा तो कपाशीवाला, त्यानं अण्णांना बिस्किटाचा पुडा दिला. अण्णा बराच वेळ गप्प होते.

“हे लोक तुला कसं वळखतेत?”

“दुकानात येतात.”

“तिथं तू नेमकं करतीस तरी काय?”

मी सांगायला लागले, पण तेवढ्यात रांग हलली.

एक पिशवी मिळाली, माणशी एकच. परत येताना ते नांगरून टाकलेल्या एका प्लॉटच्या कडेला थांबले. खाली बसले, एक ढेकूळ उचललं, फोडलं, पुन्हा उचललं. आमचं रान बालाघाटातलं मुरमाड. हातभर खाली कुदळ वाजते. माती बोटांनी चुरगाळत म्हणाले, “असं रान असतं तर मी अन् तुझी माय कोयता घेऊन कर्नाटकात गेलो नसतो.” आणि उठून हात झटकले. स्थळाचा विषय काढायला आले होते हे मला आईनं फोनवर आधीच सांगितलं होतं. त्यांनी तो काढला नाही. गाडीत बसताना फक्त म्हणाले, “काकूला सांग, पुढच्या बारीला ज्वारी आणतो.”

त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात आमची पोरं रस्त्यावर बसली. कृषी सेवेच्या २५८ जागा एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत घ्या म्हणून. २५ ऑगस्टची परीक्षा पुढं गेली. मी मोबाइलवर बघत होते, गर्दीत तो सिनियर दिसतोय का. मलाही कधीकधी वाटतं, एखादी पोस्ट निघाली असती तर? फॉर्म मी अजून भरते. सगळी दारं लावून घेऊन कुणी राहत नाही.

स्वतःचं दुकान हा विचार काकांनीच डोक्यात घातला, त्यांच्या मुलानं मोंढ्यात लक्ष घालायला सुरुवात केल्यावर. “तुझी डिग्री तुझ्याच भिंतीला लाव,” म्हणाले. परवान्याला जागेचे कागद लागतात, कंपन्यांची उगम प्रमाणपत्रं लागतात, आणि कंपनीवाले नव्या दुकानाला उधारीवर माल देताना चार वेळा विचारतात. दादानं बैल विकून आलेल्यातले काही दिले, काही मी भिशीतून उचलले. पाथरी रोडला एक गाळा पाहिला, दहा बाय चौदा, पत्र्याचं छत. आत मे महिन्यात औषधांच्या बाटल्या तापतील म्हणून वर थर्माकोल लावावं लागेल, हे पहिल्यांदा मनात आलं.

गाळ्याचे मालक निवृत्त शिक्षक. चष्मा लावून करारनाम्याचा जुना कागद काढला, आधी तिथं एका पोराचं झेरॉक्सचं दुकान होतं.

“शेतकीच्या ना तुम्ही? मग नेहमीसारखाच करू. अकरा महिने, जून ते एप्रिल.”

मी तीन वर्षांचा मागितला. नोंदणीचा खर्च मी करते म्हटलं. त्यांनी चष्मा काढला.

“विद्यापीठातली पोरं एवढी राहत नाहीत, मॅडम. मे आला की जातात.”

“सर,” म्हटलं, “मे धरूनच लिहा. माझा धंदा मेमध्येच असतो.”